कॅसेट ते वेव्ह, मध्ये कोण कोण होतं : मंडळाच्या रेकॉर्डिंगच्या कामाच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

काम असं आहे. ठाण्याच्या नौपाड्यातलं आमचं मंडळ, दरवर्षी व्याख्यानं आणि गाण्याच्या बैठका, जुनं सगळं कॅसेटवर. त्या कॅसेट गेल्या वीसेक वर्षांत ज्याला जसं सुचलं तसं कॉम्प्युटरवर उतरवल्या, कुणी घरच्या डेकवरून, कुणी दुकानात देऊन, कुणी सीडी करून घेतली आणि मग सीडीवरून परत फाईल. आता सगळं एका हार्डडिस्कवर आहे आणि एकेका कार्यक्रमाच्या तीन-तीन चार-चार प्रती. नावं 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल नवीन ओरिजिनल'. काकांनी (मंडळाचे कार्यवाह) डिस्क हातात दिली आणि म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला ना, यातली खरी कुठली ते सांग."

खरी म्हणजे काय ते आधी ठरवून घेतलं. कॅसेटवरून थेट उतरवलेली, मध्ये कुठेही एमपीथ्री (आवाजाचा काही भाग टाकून फाईल लहान करणारा प्रकार) वगैरे न झालेली. ती असेल तर कॅसेटला हात लावायचा नाही. नसेल तर कॅसेट परत डेकवर लावायची. आणि हे लावणं फुकट नाहीये, आपल्याकडच्या पावसाळ्यात कॅसेटला बुरशी धरते, सी-९० ची टेप आधीच पातळ, काही कॅसेट बहुतेक एकदाच धड वाजतील. त्यामुळे उगाच शंका आली म्हणून वाजवा असं चालणार नाही.

१० जून, मंगळवार

रात्री एफएफप्रोब (फाईलच्या आत काय आहे ते सांगणारं टूल) सगळ्या डिस्कवर सोडला, आउटपुट जेसनमध्ये, त्यातून एक मोठी शीट. मीडियाइन्फो पण चालवला कारण तो एन्कोड करणाऱ्या (आवाज आवळून फाईल करणाऱ्या) लायब्ररीचं नाव सापडलं तर वेगळ्या ओळीत दाखवतो, डोळ्याला सोपं पडतं.

एक्स्टेन्शनवर विश्वास ठेवायचा नाही हे पहिल्याच रात्री कळलं. 'वेव्ह' (आवाज न आवळता ठेवायचा प्रकार) नावाच्या काही फाईली ४५ मिनिटांच्या कॅसेटच्या बाजूला फक्त ४०-४२ एमबी. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टीरिओ असेल तर तेवढ्या वेळाला साडेचारशे एमबीच्या वर पाहिजे. फाईलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये उघडली, सुरुवातीला आरआयएफएफ, डब्ल्यूएव्हीई, सगळं व्यवस्थित, पण विसाव्या बाइटपासून जो फॉरमॅटचा आकडा असतो तिथे ०१ ०० च्या जागी ५५ ००. ०१ म्हणजे साधं पीसीएम (न आवळलेला आवाज), ५५ म्हणजे आत चक्क एमपीथ्री. वेव्हच्या वेष्टनात एमपीथ्री घालता येतं आणि जुन्या विंडोजवर ते मुकाट्याने वाजायचंही, म्हणून कुणाला कधी शंका आली नाही.

उलटंही आहे. 'एमपीथ्री' नावाची एक फाईल एफएफ एफ१ ने सुरू होते, ती एएसी, म्हणजे एमपीथ्रीसारखाच पण वेगळा प्रकार, निघाली. दोन्हीकडे सुरुवात एक-एक-एक अशा बिटांनीच होते त्यामुळे अर्धवट लिहिलेली टूल्स फसतात, खरा फरक लेयरच्या दोन बिटांत, एएसीत तिथे शून्य-शून्य, लेयर थ्रीला म्हणजे एमपीथ्रीला शून्य-एक. अजून एक फाईल एफएफ एफडी ने सुरू, म्हणजे लेयर टू, बिटरेट (सेकंदाला किती किलोबिट) २२४, सँपल रेट (सेकंदाला किती हजार वेळा आवाज मोजला) ४४.१. हे कॉम्बिनेशन म्हणजे व्हीसीडी (व्हिडिओ सीडी), तिथे आवाज असाच असतो. काकांना फोन केला की त्या बैठकीचं शूटिंग झालं होतं का. "झालं होतं की, तुला कसं कळलं?" मजा आली.

१५ जून, रविवार

एमपीथ्रीचा ढीग. हा सगळ्यात मोठा आहे पण सोपा, कारण एमपीथ्रीत लपवालपवी कमी.

लेम या एमपीथ्री एन्कोडरने केलेल्या फाईलमध्ये पहिली फ्रेम (फाईलचा छोटा तुकडा) खरी आवाजाची नसतेच, ती माहितीची असते. व्हीबीआर (बदलता बिटरेट) असेल तर तिथे 'झिंग' लिहिलेलं, सीबीआर (स्थिर बिटरेट) असेल तर 'इन्फो', आणि त्याच्या पुढे थोड्या अंतरावर नऊ बाइटमध्ये एन्कोडरचं नाव आणि आवृत्ती, उदाहरणार्थ 'लेम३.१००'. त्याच्या पुढचा एकेक बाइट वाचण्यासारखा आहे. एकात आवृत्ती आणि सीबीआर की एबीआर (सरासरी बिटरेट) की व्हीबीआर. पुढचा लोपासचा, त्यातला आकडा गुणिले शंभर हर्ट्झ, म्हणजे हेक्समध्ये एए असेल तर १७०, म्हणजे १७ हजार हर्ट्झच्या वरचं काही ठेवलेलं नाही. मग पुढे सुरुवातीला किती सँपल उशीर आणि शेवटी किती भरणा, १२-१२ बिटांत. आणि एका बाइटमध्ये मूळ आवाज कुठल्या सँपल रेटचा होता त्याचे दोन बिट. त्याच बाइटमध्ये एक बिट असाही आहे की वापरणाऱ्याने शहाणपणाची नसलेली सेटिंग दिली होती. लेमवाल्यांनी हे नोंदवून ठेवलंय! आमच्या डिस्कवर असे शहाणे बरेच आहेत.

फ्राउनहोफरचे (एमपीथ्री बनवणारी जर्मन संस्था) एन्कोडर व्हीबीआरला वेगळं हेडर टाकतात, व्हीबीआरआय नावाचं, त्यात नाव-गाव काही नाही पण हेडर असणं हीच ओळख.

आता खरी गोम. काही फाईलींत त्या नऊ बाइटमध्ये 'लॅव्हसी' किंवा नुसतं 'लॅव्हएफ' असं येतं. हे एफएफएमपेग या फाईल बदलणाऱ्या टूलचं काम, तो फाईल लिहिताना ती पहिली फ्रेम स्वतःच्या हाताने लिहितो. म्हणजे आवाज आतून लेमच्याच लायब्ररीने एन्कोड केला असला तरी पाटी एफएफएमपेगची. त्यातही कुणी नुसतं कॉपी करून टॅग बदलले, आवाजाला हातही लावला नाही, तरी पाटी नवी लागते. टीएमटीची पाटी बदलायची राहून गेलेली बस असते ना, तसं आहे हे, पाटीवर भरवसा ठेवून बसलात तर वर्तकनगरऐवजी कोपरीला उतराल, गाडी कुठल्या रस्त्याने जातीये ते खिडकीतून बघायला लागतं.

तर खिडकी अशी: सीबीआर फाईलमध्ये जिथे फ्रेम पूर्ण भरत नाही तिथे लेम उरलेल्या जागेत आपलं नाव आणि आवृत्ती टाकून ठेवतो, हेक्समध्ये मध्येच 'लेम३.९३' आणि पुढे-मागे 'यूयूयूयू' अशी रांग दिसते. टॅग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरला याचा पत्ताच नसतो. स्क्रिप्टमध्ये टाकलं, पूर्ण फाईलमध्ये ही अक्षरं शोध. 'लॅव्हएफ' पाटीच्या ढिगातल्या बऱ्याच फाईली त्यामुळे जुन्या लेमच्या निघाल्या.

२१ जून, शनिवार

पाटी नाही आणि आत नावही नाही, अशा फाईलींसाठी एमपीथ्रीगेसएन्क. जुनं टूल, विंडोजवर एकेकाळी एन्कस्पॉट नावाचं चालायचं ते याच जातीचं. सोर्सवरून बिल्ड केलं, चाललं. हे टूल फ्रेम मोजतं आणि सवयींवरून अंदाज करतं. एन्कोडरच्या सवयी म्हणजे शॉर्ट ब्लॉक (अचानक ठोक्यांसाठी आवाजाचे बारीक तुकडे) वापरतो का, जॉइंट स्टीरिओ (डावा-उजवा आवाज एकत्र साठवणं) करतो का, दुसऱ्या ग्रॅन्यूलला (फ्रेमच्या दुसऱ्या अर्ध्याला) पहिल्याचेच स्केलफॅक्टर म्हणजे गुणक परत वापरायची जी सोय आहे ती घेतो का, वगैरे.

त्यातले मला भरवशाचे वाटलेले मुद्दे: जुना झिंग शॉर्ट ब्लॉक वापरतच नाही, त्यामुळे तबल्याचा ठेका असलेल्या बैठकीत एकही शॉर्ट ब्लॉक नसेल तर समजायचं काय ते. ब्लेडएन्कला जॉइंट स्टीरिओ येत नाही. लेम इन्टेन्सिटी स्टीरिओ (जॉइंटचाच एक प्रकार) कधीच करत नाही, म्हणजे एका जरी फ्रेममध्ये तो बिट लागलेला असेल तर लेमचं नाव कटाप, बहुतेक फ्राउनहोफरचा असणार. व्याख्यानांच्या फाईलींवर मात्र हे टूल अडखळतं, एकच माणूस शांतपणे बोलतोय, मोनो, सवयी दिसायला आवाजात काही घडायला तर पाहिजे.

ऑफिसातल्या मित्राला दाखवलं तर तो म्हणाला एवढं कशाला, मशीन लर्निंग लाव. लावतो हं.

हे सगळं करून मिळतं काय? एन्कोडर आणि आवृत्तीवरून साधारण काळ ठरतो. लेम ३.१०० ऑक्टोबर २०१७ चं आहे, म्हणजे ज्या फाईलीच्या आत ते नाव आहे ती '२००५ ला उतरवलेली ओरिजिनल' असू शकत नाही, फोल्डरचं नाव काहीही असो. तारखा फाईल सिस्टीमच्या बघू नका, डिस्क बदलताना त्या सगळ्या एकाच रविवारच्या झाल्यात.

२९ जून, रविवार

दोन छोट्या तपासण्या वाढवल्या.

एक, फाईलच्या मध्येच दुसरं 'इन्फो' किंवा 'झिंग' सापडतं का. सापडलं तर बाजू अ आणि बाजू ब नुसत्या एकापुढे एक चिकटवल्यात.

दोन, पहिल्या आवाजाच्या फ्रेमचा मागे बघणारा पॉइंटर. एमपीथ्रीत फ्रेम आपला डेटा आधीच्या फ्रेमच्या उरलेल्या जागेत ठेवू शकते, कमाल ५११ बाइट मागे. ताज्या एन्कोडच्या पहिल्या फ्रेमला मागे काही नसतंच म्हणून तिथे शून्य पाहिजे. शून्य नसेल तर फाईल मधून कापलेली आहे, सुरुवातीचं निवेदन कुणीतरी उडवलंय. यात तीन व्याख्यानं अशी सापडली की आमच्याकडे कापलेली प्रत 'ओरिजिनल' फोल्डरमध्ये आणि पूर्ण प्रत 'रद्द' मध्ये! 'रद्द' फोल्डर डिलीट करायला काकांनी मेमध्येच सांगितलं होतं, केला नाही हे नशीब.

डुप्लिकेट काढायला साध्या चेकसमचा (फाईलवरून काढलेल्या ओळखीच्या आकड्याचा) उपयोग नाही, टॅगमध्ये एक अक्षर बदललं की चेकसम बदलतो. एफएफएमपेगला नुसता आवाजाचा प्रवाह कॉपी करून त्याचा एमडी५ चेकसम काढायला सांगितलं, ढीग जवळपास अर्धा झाला. फ्लॅकमध्ये (काही न गमावता आवाज आवळणारा प्रकार) तर ही सोय आतच आहे, स्ट्रीमइन्फोमध्ये मूळ आवाजाचा एमडी५ लिहिलेला असतो, कॉम्प्रेशन लेव्हल वेगळी असली तरी आवाज तोच असेल तर आकडा तोच.

६ जुलै, रविवार

आषाढी, सुट्टीचाच दिवस, साबुदाण्याची खिचडी आणि वेव्हचा ढीग. इथे खरं काम आहे. वेव्ह आणि फ्लॅकमध्ये हेडर काही सांगत नाही. फ्लॅकवर फार तर लिबफ्लॅकची आवृत्ती लिहिलेली असते, पण ते फ्लॅक कुणी केलं एवढंच, आत ओतलेला आवाज आधी कुठून आला ते नाही. १२८ बिटरेटचा एमपीथ्री उघडून फ्लॅक केला तरी फ्लॅकची तपासणी पास होणार, कारण फ्लॅकने आपलं काम चोख केलेलं असतं.

मग स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या वेळी कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज त्याचं चित्र. एकेक बघायला स्पेक, आणि सगळ्यांची चित्रं एकदम काढायला सॉक्स. सगळे सांगतात की १६ हजार हर्ट्झवर भिंत दिसली, म्हणजे त्याच्या वर एकदम काहीच नसलं, की एमपीथ्री. सीडीच्या गाण्यांना ठीक आहे, कॅसेटला हा नियम जसाच्या तसा लावता येत नाही. साध्या कॅसेटवर गाणं-बोलणं १४-१५ हजाराच्या वर फारसं नसतंच. पण टेपची सरसर असते आणि ती वरपर्यंत जाते, हळूहळू विरळ होत. म्हणजे आपल्याला गाणाऱ्याकडे बघायचंच नाहीये, सरसरीकडे बघायचंय. सरसर वर धुक्यासारखी विरत गेली असेल तर बरं चिन्ह, एका रेषेवर कात्रीने कापल्यासारखी थांबली असेल तर मध्ये कुणीतरी आहे.

तरी भिंत हा पुरावा एकटा पुरत नाही. मूळ रेकॉर्डिंग ३२ किलोहर्ट्झने केलेलं असेल आणि नंतर ४४.१ केलं असेल तर १६ हजारावर तशीच सरळ भिंत दिसते, डॅटच्या (डिजिटल टेपच्या) लाँगप्लेमध्ये ३२ च असायचं. त्यात एमपीथ्रीचा काही संबंध नाही. फरक भिंतीच्या खाली बघायचा. एमपीथ्रीमध्ये शांत जागी, दोन वाक्यांच्या मध्ये, वरच्या पट्ट्यातली सरसर ठिगळासारखी गायब होते आणि परत येते, एन्कोडरने ठरवलं की हे ऐकू येत नाही, टाका. साध्या ३२ किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगमध्ये भिंतीखाली धुकं सलग राहतं.

आणि आज एक साक्षीदार असा मिळाला की काय सांगू. काही फाईलींत १५,६२५ हर्ट्झवर एक बारीक आडवी रेघ, पूर्ण पाऊण तास. आधी वाटलं डेकचा दोष. मग आकडा ओळखीचा वाटला, ६२५ गुणिले २५. जुन्या डबा टीव्हीची लाइन फ्रिक्वेन्सी, पाल पद्धतीची! रेकॉर्ड करताना शेजारी टीव्ही चालू होता आणि त्याची शिट्टी वायरीत उतरली. टेपवरून आली असती तर टेपच्या वेगाबरोबर जराशी हलली असती, ही एकदम स्थिर आहे, म्हणजे कॅसेट उतरवतानाची. काकांना विचारलं. "हॉलमध्येच डेक होता रे, बाकीचे टीव्ही बघायचे, मी हेडफोन लावून बसायचो."

तर काकांच्या स्वतःच्या ट्रान्सफरमध्ये ही रेघ अखंड आहे, आणि त्याच कार्यक्रमाच्या दुसऱ्या 'वेव्ह'मध्ये तीच रेघ तुटक-तुटक, जिथे टाळ्या किंवा तबला जोरात तिथे नाहीशी. तुटक रेघ म्हणजे मध्ये एन्कोडर बसलाय. टीव्ही बंद ठेवला असता तर हे कळलं नसतं.

१२ जुलै, शनिवार

स्पेक्ट्रोग्राम डोळ्याने बघायचे तर दिवाळी येईल. काहीतरी आकड्यात पाहिजे. आज जे सापडलं ते इतकं साधं आहे की आधी कुणी का सांगितलं नाही असं झालं.

एमपीथ्रीची एक फ्रेम म्हणजे ११५२ सँपल (४४.१ च्या फाईलींना, कमी सँपल रेटच्यांना ५७६). एमपीथ्री उघडून वेव्ह करणारं सॉफ्टवेअर जर पुढचा-मागचा भरणा कापत नसेल, आणि जुनी बहुतेक कापत नव्हती, तर वेव्हची एकूण लांबी ११५२ च्या पटीत येणार. माणसाने स्टॉप दाबून थांबवलेलं रेकॉर्डिंग योगायोगाने तसं यायची शक्यता हजारात एक पण नाही.

डेटाचे बाइट भागिले चार (१६ बिट स्टीरिओ), आणि ११५२ ने भागून बाकी बघायची. एका दुकानातून आलेल्या लॉटमधली पहिलीच फाईल: ११,८५,५५,७७६ सँपल. भागिले ११५२, बरोबर १,०२,९१३, बाकी शून्य. दुसरी शून्य. तिसरी शून्य. तो पूर्ण लॉट शून्य. वेव्हचे वेगळे पैसे घेतले होते त्यांनी, मंडळाकडे पावती आहे.

मग उत्साहात १०२४ पण लावलं, एएसीची फ्रेम तेवढी असते. तिथे मात्र गंमत, काकांच्या पक्क्या ओरिजिनल पण १०२४ च्या पटीत! कारण रेकॉर्डिंगची सॉफ्टवेअर साउंडकार्डकडून आवाज अशाच दोनाच्या घातांच्या बफरमध्ये घेतात, १०२४, ४०९६ वगैरे, आणि स्टॉप दाबलं तरी बफर पूर्ण करून थांबतात. त्यामुळे १०२४ ची बाकी शून्य आली तर त्याचा अर्थ काहीच नाही, तो कॉलम काढून टाकला. ११५२ ला हा धोका कमी, कारण त्यात नऊ आहे, दोनाचा घात नाही.

मग ५८८. ऑडिओ सीडीवर सेकंदाचे ७५ भाग असतात, एका भागात ४४,१००/७५ म्हणजे ५८८ सँपल, आणि ट्रॅक पूर्ण भागातच संपतो, कमी पडलं तर शून्य भरून. सीडीवरून काढलेली कुठलीही फाईल ५८८ च्या पटीत. उदाहरण, ११,९६,०९,१९६ सँपल, भागिले ५८८ बरोबर २,०३,४१७, आणि ११५२ ने भागलं तर बाकी ४९२. म्हणजे ही सीडीवरून आली. पण सीडीवर काय लिहिलं होतं, सरळ वेव्ह की एमपीथ्री उघडून? लांबीवरून आता सांगता येत नाही, शेवटचा भरणा घातला की ११५२ चा माग पुसला गेला. या फाईलच्या चित्रात भिंत आहे आणि ठिगळंही आहेत, त्यामुळे संशय दाट, पण कॅसेट परत वाजवायचा निर्णय एका चित्रावर घ्यायचा नाही असं ठरवलंय. ही 'बघू' (निर्णय बाकी) या ढिगात.

अजून एक, फाईलची सुरुवात. खऱ्या साउंडकार्डवर काही वाजत नसलं तरी खालचे एक-दोन बिट वळवळत असतात, एकदम शून्य कधी येत नाही. लेमच्या फाईलमध्ये साधारणपणे एन्कोडरचा उशीर ५७६ आणि डीकोडरचा ५२९, मिळून ११०५ सँपल म्हणजे २५ मिलिसेकंद, तेवढं सुरुवातीला मेलेलं असतं. दुकानाच्या लॉटमध्ये सुरुवातीला अशीच मेलेली जागा. काकांच्या फाईलींत पहिल्या सँपलपासून वळवळ.

१४ जुलै, सोमवार

ट्रेनमध्ये लिहितोय. १४ जुलै १९९५ ला फ्राउनहोफरच्या लोकांनी डॉट एमपीथ्री हे एक्स्टेन्शन ठरवलं, आज तीस वर्षं झाली. मुलुंड आलं तेव्हा आठवलं, सांगायला शेजारी कुणी योग्य माणूस नव्हता.

२० जुलै, रविवार

काकांकडे शीट घेऊन गेलो. दुकानाच्या लॉटचं सांगितल्यावर गप्प झाले, मग म्हणाले, "पावती काढू का?" मी म्हटलं काका, इतक्या वर्षांनी भांडून काय मिळणार, त्या कॅसेट शाबूत आहेत का ते बघू. आहेत, कपाटात, नॅप्थलीनच्या वासात. काही फिरवून बघितल्या, दोनांना पांढरी बुरशी, त्या बाजूला काढल्या, त्या माहितगार माणसाकडे साफ करायला देऊ, आपण प्रयोग नको.

काकू म्हणाल्या हे सगळं यूट्यूबवर टाकून मोकळे व्हा. वाद घातला नाही, चहा घेतला.

२ ऑगस्ट, शनिवार

'बघू' चा ढीग सोडवायला जाळी, म्हणजे एन्कोडरने पाडलेल्या तुकड्यांच्या सीमा, शोधायची पद्धत. कल्पना जुनी आहे, हेर आणि शूग यांनी २००० मध्ये 'इन्व्हर्स डीकोडर' नावाने मांडलेली. एमपीथ्री एन्कोडर आवाज ठराविक तुकड्यांत घेऊन फ्रिक्वेन्सीत बदलतो आणि ते आकडे ठरलेल्या पायऱ्यांवर आणून ठेवतो, बरेचसे सरळ शून्य करतो. उघडून वेव्ह केली तरी, जर तुम्ही तोच बदल बरोब्बर त्याच तुकड्यांच्या सीमेवर परत केला, तर ते शून्य परत शून्याजवळ येतात. एक सँपल जरी इकडेतिकडे झालं तरी सगळं विस्कटतं आणि आकडे कुठेही पडतात. मग करायचं एवढंच, ० ते ५७५ प्रत्येक सरकणीवर बदल करून बघायचा आणि शून्याजवळचे आकडे मोजायचे. एमपीथ्री होऊन गेलं असेल तर एका जागी सुळका येतो. कॅसेटवरून थेट आलं असेल तर सपाट.

पायथन आणि नमपायमध्ये लिहिलं. ३२ पट्ट्यांचा फिल्टर आणि त्याच्यावर १८ चा एमडीसीटी (आवाज फ्रिक्वेन्सीत बदलायचं गणित), स्टँडर्डमध्ये टेबलं आहेत ती टाकली. पूर्ण फाईल नको, जोरात गाणं चालू असलेले दहा सेकंद पुरतात. १६ बिटात गोल करताना थोडा आवाज मिसळतो म्हणून शून्य म्हणजे अगदी शून्य न धरता उंबरठा ठेवावा लागतो. लॅपटॉपचा पंखा बोंबलतोय पण चालतंय.

आधी ज्यांचं उत्तर माहीत आहे त्यांच्यावर. काकांची वेव्ह: सपाट. तीच वेव्ह स्वतः लेमने १२८ करून परत उघडली: एका सरकणीवर सुळका, बाकी ५७५ जागी काही नाही. आवाज तीन डेसिबलने कमी करून बघितलं, सुळका तिथेच. सुरुवातीची १०० सँपल कापली, सुळका १०० ने सरकला. मस्त. ४८ ला रिसँपल करून (सँपल रेट बदलून) परत ४४.१ केलं, सुळका गेला. म्हणजे मर्यादा कळली, मध्ये रिसँपल किंवा वेग बदल झाला असेल तर ही पद्धत आंधळी आहे आणि सपाट आलं म्हणून फाईल निर्दोष असं म्हणता येणार नाही. सुळका आला तर मात्र पक्कं.

आता ती ५८८ वाली. सीडीने शेवटी भरणा घातला होता पण तुकड्यांच्या सीमा हलवायचं कारण नव्हतं. सुळका! स्वच्छ, एकटा. म्हणजे कॅसेट, मग एमपीथ्री, मग सीडी, मग 'ओरिजिनल' वेव्ह. ही वंशावळ शीटमध्ये शेरा म्हणून लिहून टाकली.

१० ऑगस्ट, रविवार

व्हॉट्सअॅपवरून आलेला फोल्डर. अलीकडच्या कार्यक्रमांचे तुकडे, सगळे ओपस या प्रकारातले. एफएफप्रोब प्रत्येकाला ४८ किलोहर्ट्झ म्हणतो, काका खूश झाले की हे तर सगळ्यात भारी. ओपस डीकोड होताना नेहमी ४८ च दिसतो, मूळ किती होतं ते ओपसहेडमध्ये वेगळं लिहिलेलं, इथे १६ हजार, मोनो. प्रत्येक पॅकेटच्या पहिल्या बाइटचे वरचे पाच बिट मोड सांगतात, ० ते ११ सिल्क, १२ ते १५ मिश्र, त्यावर सेल्ट (संगीतासाठीचा). आमचे जवळपास सगळे सिल्क, म्हणजे बोलण्यासाठीचा मोड, ८ हजार हर्ट्झच्या वर काही नाही. त्यावर तानपुरा ऐकून बघा म्हणजे कळेल. पण दुसरी प्रत नाहीये, त्यामुळे आहे तसेच ठेवायचे, कुणी वेव्ह 'करून' ठेवू नये एवढी चिठ्ठी फोल्डरमध्ये टाकली.

एक रिअल ऑडिओची (इंटरनेटवर ऐकायचा जुना प्रकार) फाईलही सापडली, परदेशातल्या कुणासाठी केलेली. एफएफएमपेगने उघडली. व्याख्यान आहे, वक्ता कोण ते अजून कुणाला ओळखता आलेलं नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार

दहीहंडी, सकाळपासून डीजे, कानाने काही तपासणं शक्यच नाही, बरंच झालं, नियम लिहून काढले.

जाळीचा सुळका आला तर एवढाच पुरे, 'कॅसेट परत'. सुळका नाही पण बाकीचे दोन वेगवेगळ्या जातीचे पुरावे जुळले (११५२ ची बाकी आणि मेलेली सुरुवात मी एकाच जातीचे धरतो, दोन्ही डीकोडरच्या वागण्यातून येतात, भिंत-ठिगळं किंवा तुटक रेघ ही दुसरी जात) तरीही 'कॅसेट परत'. एकच पुरावा असेल तर 'बघू', आणि कॅसेट बुरशीची असेल तर 'बघू' ला हातच लावायचा नाही. काहीच नाही, सरसर धुक्यासारखी आणि सुरुवातीपासून वळवळ, तर 'ठेवा'.

३२० च्या एमपीथ्रींना एक जादा नियम. लेमचा लोपास बाइट म्हणतोय की मी २० हजारापर्यंत वाट मोकळी ठेवली होती, आणि सरसर १६ वर तुटलीये, तर मूळच आधी कापलेलं होतं, बहुधा १२८ फुगवून ३२० केलेत. अशा प्रतींना बिटरेट बघून वरचा नंबर द्यायचा नाही. शीटमध्ये आधी बिटरेटने लावलेलं सॉर्टिंग त्यामुळे काढून टाकलं.

२३ ऑगस्ट, शनिवार

शीट आणि स्क्रिप्ट दोन्ही काकांना दिली, स्क्रिप्ट त्यांच्या पुतण्याच्या लॅपटॉपवर चालवून दाखवली. 'कॅसेट परत' मध्ये दुकानाचा पूर्ण लॉट आणि सीडीवाल्यांपैकी बहुतेक. काकांच्या स्वतःच्या ट्रान्सफरमधली एकही नाही, हे ऐकल्यावर त्यांनी ते सभेत मोठ्याने सांगायला लावलं.

राहिलेलं: डेकचा बेल्ट बदलायचा आहे, हेडचा अझिमथ (टेपशी असलेला कोन) प्रत्येक कॅसेटला वेगळा लावावा लागणार. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, सरळ फ्लॅक, एमपीथ्री फक्त ग्रुपवर पाठवायला आणि तो वेगळ्या फोल्डरमध्ये. फाईलच्या नावात 'ओरिजिनल' आणि 'फायनल' हे शब्द बंद, कॅसेट नंबर, बाजू, तारीख एवढंच. गणपती झाल्यावर सुरू, आधी बुरशी नसलेल्या घेऊ. रिअल ऑडिओतल्या वक्त्याचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा ज्येष्ठ मंडळींच्या ग्रुपवर टाकलाय, आत्तापर्यंत तिघांनी तीन वेगळी नावं सांगितलीत.